पलीकडचं टोक

लाकूड चिकटवायचा सरस संपला होता, म्हणून सरळमामा सकाळीच बाजारात गेले. दुकानदाराने सरसाच्या खड्यांची पिशवी काट्यावरून उतरवली आणि गाठ मारता मारता विचारलं, "मामा, हल्ली सरस फार लागतो बुवा तुम्हाला. पूर्वी एवढ्यात अख्खं वर्ष निघायचं."

"कामं आहेत," मामा म्हणाले.

कामं नव्हती. तिरंदाजीच्या शाळेतले सर या वर्षाची धनुष्यं कधीच घेऊन गेले होते. घरी भिंतीवरच्या खुंट्या भरल्या होत्या, कपाटामागे धनुष्यं होती, पलंगाखाली होती. तरी मामा नवं धनुष्य करायला घेतच होते. का, ते दुकानदारालाच काय, पोटच्या लेकीलाही सांगायची सोय नव्हती.

त्यांचं खरं नाव वेगळंच होतं. जन्म गेला लाकूड वाकवण्यात, आणि स्वतः मात्र चालताना, बसताना, बोलताना काठीसारखे ताठ, म्हणून सरांच्या शाळेतल्या पोरांनी त्यांना सरळमामा करून टाकलं. मग ओघानेच बायको मामी झाली. "हे सरळ, मग मी काय वाकडी?" असं ती पोरांना विचारायची, आणि पोरं हसली की त्यांच्याहून जास्त स्वतःच हसायची.

मामांचं धनुष्य एकसंध लाकडाचं नसे. बांबूच्या आणि एका चिवट पांढऱ्या लाकडाच्या, पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या पट्ट्या रंधून काढायच्या, त्यांना सरस लावायचा आणि एकीवर एक ठेवून धनुष्याच्या आकाराच्या लांब साच्यावर दाबून बसवायच्या. सरस वाळला की त्या पट्ट्या पुन्हा म्हणून सरळ होत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी मारामार वेळेशी असते. हा सरस जुन्या पद्धतीचा, गरम पाण्यात वाटी ठेवून पातळ करायचा, आणि जरा गार झाला की घट्ट होऊन धरू लागणारा. म्हणून मामा हे काम भर दुपारी करत. दारं-खिडक्या लावून घेत, म्हणजे वाराही नको आणि धूळही नको. पट्ट्या साच्यावर चढल्या की मधोमध सुरुवात करून दोन्ही टोकांकडे क्लॅम्प आवळत जायचे. हे एका माणसाचं काम नव्हे. तो एक टोक आवळेपर्यंत दुसऱ्या टोकाचा सरस धरतो, आत पोकळी राहते, आणि धनुष्य पहिल्या ओढीलाच फुटतं.

खिडकीकडचं टोक मामांचं. पलीकडचं, भिंतीकडच्या अंधारातलं, मामीचं. दोघं मधोमध पाठीला पाठ लावून उभी राहत आणि क्लॅम्प आवळत आवळत एकमेकांपासून लांब जात. मामांचा हात झपाझप चाले. मामीचा स्क्रू एक करकर झाली की क्षणभर थांबे, मग दुसरी करकर. कडेने बाहेर आलेला सरस ती फडक्याने नाही, अंगठ्याने पुसायची, आणि अंगठा साच्याच्या टोकाला टेकवायची. वर्षानुवर्षं तिथे थरावर थर बसून एक चकचकीत तपकिरी टेंगूळ झालं होतं. "झालं हो माझं," म्हणायची. मामांचं नेहमी उरलेलं असे. मग ती वाटीतल्या सरसाला बोट लावून बघायची. बोट उचलल्यावर मागे पाकासारखी तार आली तर म्हणायची, "अजून वेळ आहे. सावकाश घ्या."

मागच्या थंडीत तिच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात नेताना ती रिक्षात बसून साच्यावरचं धनुष्य कधी काढायचं ते सांगत होती. परत आणली ती पांढऱ्या कापडात; बोलत नव्हती.

सरांचं एक धनुष्य तेव्हा अर्धवट राहिलं होतं. उन्हं तापू लागल्यावर मामांनी ते एकट्याने पुरं करायचं ठरवलं. फुटलं तर फुटलं, असं मनाशी म्हणाले. दार लावलं, खिडक्या लावल्या. खोलीत सरसाचा तो ओल्या चामड्यासारखा वास भरला. फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीत भुसा तरंगत होता. बाहेर रस्ता निजल्यासारखा गप्प होता. मामांनी पट्ट्या चढवल्या, मधला क्लॅम्प आवळला आणि खिडकीकडे सरकले.

तिसऱ्या-चौथ्या क्लॅम्पला त्यांच्या कानावर आलं की खोलीत दोन स्क्रू वाजताहेत. त्यांचा, आणि पाठीमागे आणखी एक. एक करकर, मग क्षणभर थांबणं, मग दुसरी करकर.

मान वळवायची तर हातातला क्लॅम्प सुटला असता आणि काम बिघडलं असतं. हे आता वेडेपणाचं वाटेल, पण मामांचे हात जन्मभराच्या सवयीचे गुलाम होते. त्यांनी आपलं टोक पुरं केलं आणि मगच वळले. पलीकडे कोणी नव्हतं. सगळे क्लॅम्प आवळलेले होते. कडेचा सरस पुसलेला होता. टेंगळावर अंगठ्याचा एक नवा ठसा होता, ओला.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण संध्याकाळी, दिवा लावायची वेळ झाली तेव्हा. त्या क्षणी मात्र मामा साच्याशेजारी जमिनीवर बसले आणि मामी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

तेव्हापासून हे सुरू झालं. पट्ट्या रंधायच्या, सरस पातळ करायचा, दार लावायचं. सरस ओला असेपर्यंत ती असे. सरस धरला की खोली नुसती खोली होऊन बसे. एकदा त्यांनी काम करता करता न वळता हाक मारली, "अगं..." पाठीमागचा स्क्रू थांबला. बराच वेळ काही वाजलं नाही, आणि मामांचा जीव टांगणीला लागला. मग पुन्हा करकर सुरू झाली. त्यानंतर त्यांनी बोलायचा प्रयत्न केला नाही. वेळ कशाला घालवायचा? त्याऐवजी ते पट्ट्या लांब घेऊ लागले, क्लॅम्प जास्त लावू लागले, वाटी अधिक तापवू लागले. सरस जितका उशिरा धरेल तितकं बरं.

लेक आली ती न कळवता. ती परगावी नोकरीला होती आणि फोनवर बापाचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. आल्या आल्या ती झाडायला वाकली आणि पलंगाखाली बघून तशीच राहिली.

"बाबा, हे कोणासाठी?"

"होतील कोणासाठी तरी."

"आरशात बघितलंत का कधी? नुसती हाडं राहिलीत. चला माझ्याकडे. आज, नाहीतर उद्या, पण मी तुम्हाला घेतल्याशिवाय जात नाही."

"साच्यावर चढवायचं आहे एक."

"मग चढवू. मी धरते दुसरं टोक. संपवू आणि निघू."

"तिकडे नको उभी राहू," मामा पटकन म्हणाले.

"मग कुठे राहू? मधे उभी राहून वारा घालू?"

जे सांगायचं ते सांगितलं असतं तर लेकीने त्यांना थेट डॉक्टरकडे नेलं असतं. त्यांनी सरसाची वाटी गरम पाण्यात ठेवली आणि लेक पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

त्या दुपारी तिथे तिचाच स्क्रू वाजला, घाईघाईने, न थांबता. कडेचा सरस तिने फडक्याने पुसला. मामा कान देऊन वाट बघत होते. कोणी आलं नाही. येणार कसं, जागेवर दुसरी उभी होती.

वाळल्यावर साच्यावरून काढलं आणि टिचकी मारली तर तिच्या बाजूला बद्द आवाज आला. आत पोकळी होती. मामांनी ते धनुष्य गुडघ्यावर घेऊन मोडलं.

"कोणी सांगितलं होतं तुला ते टोक धरायला?" त्यांचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "ते टोक तुझ्या आईचं आहे."

लेक म्हणाली, "होतं, बाबा."

मामांनी तुकडे कोपऱ्यात ठेवले.

"तुम्हाला वाटतं, ती फक्त तुमचीच गेली," लेक सावकाश म्हणाली. "मी तिकडे ऑफिसात रोज जेवायच्या सुट्टीत फोन हातात घेते आणि मग आठवतं, की आता कोणाला लावायचा? तुमच्याकडे निदान तिची जागा तरी आहे. मला तीही नाही. मला पण हवी आहे हो ती."

मामांना पोरीची लाज वाटली, म्हणजे तिच्यापुढे स्वतःची वाटली. आपण एकटेच तिच्या आईला दुपार दुपार लपवून ठेवतोय, असं काहीतरी मनात आलं. ते म्हणाले, "येतो मी तुझ्याकडे. एक धनुष्य करू दे. हिच्या मापाचं."

हे मामीचं जुनं मागणं होतं. गावभरच्या पोरांना धनुष्यं करून दिली, एक माझ्या मापाचं करा की, असं ती दर वर्षी म्हणे. यंदाची कामं उरकू दे, असं मामा दर वर्षी म्हणत. धनुष्य माणसाच्या ओढीच्या मापाचं लागतं. दोरी पार जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आली की पुढच्या मुठीपासून तिथवरचं अंतर, ते त्या माणसाचं माप. मामा प्रत्येकाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करत, दोरीने हे अंतर मोजत आणि चौकटीवर जमिनीपासून तेवढ्याच उंचीला पेन्सिलीने रेघ मारत. चौकट रेघांनी भरली होती. सरांची होती, शाळेतल्या एकूण एक पोरांची होती, लेकीची तर लहानपणापासूनची चढती रांग होती. मामी समोर उभी राहून सगळ्यांच्या वेळी मामांना पेन्सिल देत आली. तिची रेघ मात्र मारायची राहिली होती.

"माझं माप घ्या," लेक म्हणाली. "सगळे म्हणतात ना, मी अगदी आईच्या बांध्याची."

मामांनी तिचं माप घेतलं. ती रजा संपवून गेली आणि पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते म्हणाली.

ते धनुष्य मामांनी जपून केलं. साच्यावर चढवलं त्या दुपारी पलीकडचा स्क्रू नेहमीपेक्षाही सावकाश वाजत होता. मामाही सावकाश आवळत होते. दोघांनाही घाई नव्हती. शेवटी टेंगळावर ठसा उमटला आणि सरस धरला, तेव्हा मामांना वाटलं, आता हे शेवटचं. पुढच्या आठवड्यात आपण नसू, हा साचाही नसेल.

पुढचं काम सरसाचं नव्हतं. धनुष्य भिंतीवरच्या खोबणीत मुठीपाशी अडकवायचं, त्याच्या दोरीला लांब रस्सी बांधून खाली कप्पीतून काढायची, आणि आपण समोरच्या भिंतीला पाठ लावून रस्सी ओढत बघायचं, दोन्ही बाहू सारखे वाकताहेत की नाही. जो बाहू हट्टी असेल तो काचेच्या तुकड्याने खरवडायचा आणि पुन्हा ओढायचं. या कामाला मामी कधी थांबत नसे. त्यामुळे मामांनी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती. उलट दार सताड उघडं होतं आणि ऊन आत आलं होतं.

संध्याकाळच्या सुमाराला दोन्ही बाहू एकसारखे झुकले. दोरी भिंतीवर मारलेल्या लेकीच्या खुणेपर्यंत आली. झालं, असं म्हणून मामांनी रस्सी सैल सोडली.

रस्सी जमिनीवर पडली. धनुष्य वाकलेलंच राहिलं.

मामा बघत राहिले. दोरी खुणेवर ताणून धरलेली होती, आणि धरणारं कोणी नव्हतं. मग ती हलली. हळूहळू खुणेच्या पुढे सरकली, बोटभर. लाकूड कुरकुरलं.

"बस..." मामांच्या तोंडून निघालं. "बस गं... मोडेल."

दोरी तिथे थांबली. थोडा वेळ तशीच राहिली, ओढ ठरवताना नेमबाज थांबतो तशी. मग झटका न देता, आवाज न करता, जशी आणायची तशी परत आली. बाणाशिवाय रिकामी दोरी कधी सोडायची नाही, धनुष्य फुटतं, हे मामीने शेकडो पोरांना सांगितलं होतं.

मामांनी पेन्सिल घेतली आणि ती थांबली होती तिथे रेघ मारली. मग चौकटीपाशी जाऊन लेकीच्या रेघेवर बोटभर अंतर सोडून आणखी एक रेघ मारली. जिच्याबरोबर जन्म काढला तिचा हात लेकीहून लांब होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

साचा त्यांनी सरांच्या शाळेला दिला. उरलेला सरस दुकानदाराला परत केला. निघताना रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबून ते पुटपुटले, "पोरीकडे चाललोय गं. तिथे साचा नाही, सरस नाही." खोलीत कोरड्या भुशाचा वास होता. लेकीने खालून गाडीचा हॉर्न दिला आणि मामा ते एक धनुष्य कापडात गुंडाळून खाली उतरले.

लेकीचं घर वरच्या मजल्यावर होतं, स्वच्छ, उजेडाचं. मामा वेळेवर जेवत, वेळेवर फिरायला जात, शेजाऱ्यांशी हवापाण्याचं बोलत. अंगावर थोडं मांसही चढलं. दुपारी मात्र ते खोलीचं दार लोटून बसत आणि ऐकत. खाली कुठेतरी पाण्याचा पंप चाले. बाकी काही नाही. आपण बायकोला दुसऱ्यांदा मागे टाकून आलो, असं त्यांना वाटे, आणि ते कोणाला सांगताही येत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर लेकीने ते धनुष्य खुंटीवरून काढलं. "ओढून बघू? आईचं आहे, पण माप तर माझंच ना."

रेघेचं मामांनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांनी दोरी चढवून दिली. "ओढ, थांब, आणि तशीच परत आण. सोडायची नाही."

"माहीत आहे हो. आई काय कमी ओरडली का मला?"

घरात एक लांब बोळ होता, स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत. वाऱ्याने पडदे उडत होते म्हणून लेकीने खिडक्या लावून घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या टोकाला उभी राहिली. मामा सवयीने दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. समोरून बघितलं की बाहू नीट कळतात.

लेकीने ओढलं. छान वाकलं धनुष्य. दोरी तिच्या जबड्याच्या कोपऱ्याला लागली आणि ती डोळे मिटून हसली. मग दोरी मागे गेली, बोटभर.

"बाबा, जास्त नका ना ओढू," ती म्हणाली. "खांदा दुखतो."

मामा जागचे हललेही नव्हते.

"बाबा, खरंच. कोपर सोडा माझं."

"डोळे उघड," मामा म्हणाले आणि दोन्ही हात वर करून तिला दाखवले. ती बोळाच्या त्या टोकाला होती आणि ते या टोकाला. तिची नजर त्यांच्या हातांवर आली, आणि तिचं हसू उतरलं.

"मग... मागे कोण..."

"दोरी सोडू नको," मामा हळू म्हणाले. "घाबरू नको. परत आणेल ती."

दोरी परत आली, जशी आणायची तशी, आवाज न करता. धनुष्याचं टोक जमिनीला टेकलं. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत पाणी आलं होतं ते भीतीचं नव्हतं.

"सरसाचा वास येतोय, बाबा. आईच्या हाताचा."

मामा बोळ ओलांडून तिच्यापाशी गेले. वास त्यांनाही येत होता. घरात सरसाचा खडाही नव्हता. लेकीच्या बाहीवर, कोपरापाशी, एक तपकिरी डाग होता, अंगठ्याएवढा. आणि कोपर अजून तसंच वर होतं, दोरी ओढताना असतं तसं.

"सोडत नाहीये," लेक कुजबुजली. "आई, दुखतंय... बाबा, सांगा ना तिला सोडायला."

मामांनी तोंड उघडलं. ते सांगणारच होते. पण त्याआधी त्यांनी बोट पुढे केलं, त्या डागाला लावलं आणि उचललं. बोटामागून पाकासारखी बारीक तार आली.

"थांब जरा, बाळा," मामा म्हणाले. "अजून वेळ आहे."